नायकानं लावलेली जोड

वैजीनाथला इंग्रजीत एकपासून दहापर्यंतचे आकडे बिनचूक यायचे. त्याच्या पुढचे यायचे नाहीत. हे दहा आकडे त्यानं पलटणीत असताना, बॉक्सिंगच्या रिंगणात उताणं पडल्या पडल्या ऐकलेले होते, आणि तिथं दहाच्या पुढं कुणी मोजत नाही.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली तो फौजेत भरती झाला. बोरखडीच्या त्या अठरा वर्षांच्या पोराला रानातल्या ढेकळांपासून सुटायचं होतं, एवढंच त्यामागचं देशप्रेम. तिथं एका सुभेदारानं त्याचे लांब हात बघितले आणि त्याला बॉक्सिंगला घातलं. हात लांब होते खरे, पण नाकही लांब होतं, आणि समोरच्याला दर वेळी आधी नाकच सापडायचं. अठरा वर्षांच्या नोकरीत तो अकरा लढती खेळला. नऊ हरला, एक बरोबरीत सुटली आणि एक जिंकला. त्या दिवशी समोरच्या गड्याला सकाळपासून जुलाब लागलेले होते. हे सगळं वैजीनाथ स्वतःच सांगायचा, कुणी विचारायच्या आधी. वर म्हणायचा, जिंकणारा हात वर करतो आणि मोकळा होतो, हरणाऱ्याला घरी जाऊन विचार करावा लागतो. म्हणून बॉक्सिंगचं खरं ज्ञान हरणाऱ्यापाशीच असतं.

लान्सनायक होऊन तो परत आला. गावानं त्यातलं 'लान्स' टाकून दिलं आणि नुसतं 'नायक' ठेवलं. देवगाव फाट्यावर, सेलूकडचा रस्ता जिंतूरच्या मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं, त्यानं पत्र्याचं हॉटेल टाकलं. चहा, भजी आणि बाकीची सगळी कामं त्याची बायको तानुबाई करायची. वैजीनाथ बोलायचा.

फौजेतून त्यानं दोनच चिजा आणल्या होत्या. एक, बॉक्सिंगचे चामडी हातमोजे. ते त्यानं मोठ्या मानानं भिंतीवर खिळ्याला टांगले. आठव्या दिवशी तानुबाईनं ते काढले आणि उकळत्या दुधाचं पातेलं उतरवायला घेतले. या मोज्यांच्या हाती आजवर काही लागलं नव्हतं, आता निदान दूध तरी लागतंय, असं तिचं म्हणणं. दुसरी चीज म्हणजे पत्र्याची पेटी, आणि तिच्यात सुभेदारानं जाताना दिलेली बॉक्सिंगची तीसेक इंग्रजी मासिकं. वैजीनाथला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण पलटणीतल्या एका कारकुनानं ती त्याला इतक्या वेळा वाचून दाखवली होती, की कुठल्या पानावर कोण कुणाला कुठं मारतो हे त्याला पाठ होतं. तो पान उघडून ओळीवर बोट फिरवत 'वाचायचा'. एकदा मासिक उलटं धरूनही त्यानं अख्खं पान वाचलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगाव पेटापेटी सुरू झाली. बोरखडीत बौद्धवाड्यातल्या सितारामच्या कडब्याची गंजी जळाली. कुणी पेटवली ते सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. फाटा आठ दिवस बंद राहिला. उघडला तेव्हा हॉटेलात बोलायची सोय उरली नव्हती. पाऊस कमी झाला म्हटलं तरी त्यातून विद्यापीठ निघायचं, म्हैस आटली म्हटलं तरी विद्यापीठ निघायचं. विद्यापीठाचं तोंड न बघितलेली माणसं त्यावरून एकमेकांची गचांडी धरायची. एक कप भिंतीवर फुटला तेव्हा वैजीनाथनं पत्र्याची पाटी लावली, 'येथे नामांतरावर बोलू नये.' पाटीचा गुण आला. लोक बोलायचेच बंद झाले. दहाव्याला बसल्यासारखे बसायचे, चहा प्यायचे आणि उठून जायचे.

मग सप्टेंबरात रेडिओवर बातमी आली की मोहम्मद अली तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. जिंतूर–सेलू गाडीचा कंडक्टर राधाकिशन चहा पीत होता. त्यानं सहज विचारलं, म्हणजे आजवरचा सगळ्यांत भारी गडी हाच म्हणायचा का. एवढ्या दिवसांत हॉटेलात कुणी पूर्ण वाक्य बोललं होतं, ते हे.

वैजीनाथनं पेटी उघडली. त्यानं सांगितलं की अलीच्या चाळीस वर्षं आधी ज्यो लुई नावाचा एक गडी होता, आणि त्याचा उजवा हात ज्याला लागला त्याला गाव आठवायला वेळ लागायचा. दोघं भरात असताना समोरासमोर आले असते तर काय झालं असतं, हे बघायला पाहिजे. मग दोन बाकांच्या मधल्या जागेत तो स्वतःच दोघं झाला. अली झाला की चवड्यांवर नाचायचा, लुई झाला की टाचा टेकून सरकत यायचा. अलीचा हात दोन इंच लांब, पण तो हात खाली ठेवतो. लुई पाय उचलत नाही, पण वाट बघतो. पंधरा फेऱ्या झाल्या. गाडीतले उतारू खाली उतरून दाराशी उभे राहिले, ड्रायव्हर आत आला, आणि गाडी फाट्यावरून बारा मिनिटं उशिरा सुटली. अली थोडक्यात जिंकला. आबासाहेब नावाच्या एका म्हाताऱ्या पैलवानाला ते पटलं नाही. त्याचा मुद्दा असा, की ज्या खेळात पाठ टेकल्यावरही माणसाला उठून परत लढू देतात, तो खेळ नसून छळ आहे.

तेव्हापासून दर मंगळवारी, सेलूचा बाजार करून लोक परतायचे तेव्हा, नायकाच्या हॉटेलात एक लढत व्हायला लागली. मेलेले अमेरिकन ही फार सोयीची माणसं होती. त्यांची जात कुणाला कळत नव्हती, त्यांचं रान कुणाच्या बांधाला नव्हतं, आणि त्यांच्यापैकी कुणी विद्यापीठात शिकलेलं नव्हतं. वैजीनाथ तयारीही मन लावून करायचा. प्रत्येक गडी त्याच्या ऐन भरातला धरायचा, वजन बघायचं, दम किती फेऱ्यांचा ते बघायचं, आणि मग कुणाची भीड न धरता निकाल द्यायचा. एकदा एका मास्तरानं कुठल्याशा रविवारच्या पुरवणीतली बातमी वाचून दाखवली. अमेरिकेत म्हणे हाच उद्योग एका यंत्रावर करून पाहिला होता, आणि त्या लढतीत अमेरिकेतल्या लोकांना एक गडी जिंकलेला दाखवला, समुद्रापलीकडच्या लोकांना दुसरा. वैजीनाथ दोन दिवस हसत होता. यंत्रसुद्धा गाव बघून निकाल देतं, मी देत नाही, असं तो येईल त्याला सांगायचा.

हे सगळं सिताराम बाहेर दगडावर बसून ऐकायचा. फाट्यावरच्या बाकीच्या हॉटेलांसारखाच नायकाच्या हॉटेलातही एक कप वेगळा असायचा, बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या खाचेत ठेवलेला. पलटणीत वैजीनाथ अठरा वर्षं सगळ्यांसोबत एका लंगरात जेवला होता. गावाकडं आल्यावर त्याला ते आठवेनासं झालं. बॉक्सिंगचं मात्र सगळं आठवायचं.

त्र्याऐंशी साली उन्हाळ्यात वैजीनाथनं डेम्प्सी आणि विल्स यांची जोड लावली. हे दोघं एकाच काळातले, मग यांची खरी लढत का झाली नाही, असं राधाकिशननं विचारलं. वैजीनाथनं सांगितलं की डेम्प्सी गोरा, जगज्जेता. विल्स काळा, आणि चार-पाच वर्षं त्याच्या दारात उभा. करार झाले, सह्या झाल्या, पण लढत काही कुणी होऊ दिली नाही. त्या दिवशी हॉटेलात विल्स जिंकला. लोक भजी खाऊन गेले. सिताराम मात्र दगडावरून उठला नाही.

पुढच्या मंगळवारी तो दाराशी आला. सदुसष्ट वर्षांचा होता, पण अजून खांदे दारात मावायचे नाहीत.

"नायक, अमेरिकेतल्या मेलेल्यांच्या लय जोडी लावल्या," तो म्हणाला. "मपली एक लावता का?"

"कुणासंग?"

"माणिकराव पाटलासंग. सन चाळीसच्या जत्रंतली."

हॉटेलातल्या लोकांना अचानक भज्यांत फार रस वाटायला लागला. ही गोष्ट बोरखडीत सगळ्यांना माहीत होती. माणिकराव पाटील हा गावचा मोठा पैलवान. चाळीस सालच्या जत्रेत त्यानं लागोपाठ तिसऱ्यांदा चांदीचं कडं जिंकलं. सितारामही त्याच वयाचा. त्याला तालमीत कोण घेणार, म्हणून तो नदीच्या वाळूत मेहनत करायचा. त्या जत्रेत त्यानं माणिकरावासमोर उभं राहायला आखाड्यातली माती उचलली. पंचांनी त्याला ती खाली टाकायला लावली आणि हातात हलगी दिली. मग माणिकरावाच्या जिंकल्या कुस्तीला सितारामनं हलगी वाजवली.

वैजीनाथनं आधी सांगितलं की आपण बॉक्सिंगवाले, कुस्तीतलं आपल्याला कळत नाही. मग सांगितलं की दोघंही जिवंत आहेत आणि नियम मेलेल्यांचा आहे. सितारामनं शांतपणे विचारलं की अली कुठं मेला आहे. सिताराम पुढं म्हणाला, "आन् येक हाय. मपलीच कुस्ती मी भाईर बसून आइकणार न्हाई. आत बसंन."

वैजीनाथ घाम पुसत राहिला. तानुबाई भट्टीपासून उठली. बाहेर जाऊन तिनं खाचेतला कप काढला, राखेनं घासला आणि बाकीच्या कपांत टाकला. दुसऱ्या दिवशी त्यातला तो कुठला, हे तिलाही ओळखता येईना. "फुडच्या मंगळवारी या, बाबा," ती सितारामला म्हणाली, "तव्हर ह्यांचा घाम वाळंल."

झालं. आता चौकशी करणं भाग होतं. वैजीनाथ धोतर बदलून माणिकरावाच्या वाड्यावर गेला. माणिकरावाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि दंड इतका वाळला होता की हातातलं चांदीचं कडं वर सरकून कोपरापाशी अडकायचं. आपल्याला आता जोड्यानं मारणार, या हिशेबानं वैजीनाथ दाराजवळच बसला. माणिकरावानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं एवढंच विचारलं की सितारामनं स्वतःच सांगितलं का, आणि आणखी काय बोलला. आणखी काही नाही म्हटल्यावर त्यानं ताक मागवलं. चाळीस सालचं वजन सांगितलं, ढाक हा आवडता डाव सांगितला, रोज किती बदाम आणि किती दूध ते सांगितलं, आणि मी ऐकायला येतो म्हणाला.

बाहेर पडताना माणिकरावाचा थोरला मुलगा चंद्रभान दारात आडवा आला. तो पुढारी होता, म्हणजे कुणालाही धमकी देताना आधी खांद्यावर हात ठेवायचा. त्यानं तसा हात ठेवला आणि म्हणाला, "नायक, निकाल इचार करून द्या. हाटेलाखालची जागा आमची हाय, ते ध्यानात असू द्या."

वैजीनाथनं चार दिवस विचार केला. भजी जळली, साखर दोनदा पडली. वाळूत मेहनत करणाऱ्याचे पाय कसे होतात हे त्याला फौजेत कळलं होतं. माणिकरावाच्या सगळ्या कुस्त्या चार-पाच मिनिटांत निकाली निघालेल्या. बदाम-दुधानं अंग आलं होतं, पण दम कधी तपासला गेलाच नव्हता. सिताराम दिवसभर दगड वाहून मग वाळूत उतरायचा. पंधरा मिनिटं कुस्ती टिकली की माणिकराव खाली, हे वैजीनाथला शनिवारीच कळून चुकलं. सोमवारी त्यानं कुस्ती बरोबरीत सोडवायचं ठरवलं.

तानुबाईला त्यानं हे सांगितलं. ती पीठ कालवत होती. "मंग त्या यंतराला कामून हसलाव?" तिनं विचारलं.

मंगळवारी दुपारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्यावर ऊन तापलेलं, माणसं दारात, खिडकीत. राधाकिशनची गाडी बाहेर इंजिन बंद करून उभी होती. त्यानं वहीत बिघाड लिहिला होता. सिताराम धुतलेलं धोतर नेसून आला आणि आतल्या बाकावर बसला. बसताना त्यानं बाकावरून हात फिरवला. माणिकराव काठी टेकत आला आणि समोरच्या बाकावर बसला. त्याच्या मागं चंद्रभान उभा राहिला. तानुबाईनं दोघांना चहा दिला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

वैजीनाथनं कुस्ती लावली. आधी त्याचा आवाज बसलेला होता, मग कामात तो सगळं विसरला. माणिकराव झाला की मांडी थोपटायचा, सिताराम झाला की वाकून जमीन चाचपायचा. माणिकरावानं ढाक मारायला हात घातला, सितारामनं पाय काढून घेतला. माणिकरावानं मान दाबली, सिताराम गुडघ्यावर आला पण बसला नाही. मधेच खरा माणिकराव पुटपुटला की मी मान कधीच डाव्या हातानं दाबत नव्हतो. वैजीनाथनं हात बदलला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नायक दोघांसाठी धापा टाकत होता, आणि त्यातली माणिकरावाची धाप मोठी होती हे सगळ्यांना ऐकू येत होतं. मग वळताना त्याला चंद्रभानचे जोडे दिसले. एकदम कोरे, करकरीत, हॉटेलाच्या उंबऱ्याच्या आत.

वैजीनाथ सरळ उभा राहिला. त्यानं कपाळ पुसलं आणि सांगितलं की अर्धा घंटा झाला, दिवस कलला, दोघांनीही शर्थ केली, तेव्हा पंचांनी ही कुस्ती बरोबरीत सोडवली.

सिताराम खाली बघत होता. अकरा लढतींत नऊ वेळा वैजीनाथ आपटला होता, पण उभ्या उभ्या आपटल्यासारखं त्याला आजच वाटलं. तो भट्टीकडं वळला, तर तानुबाईनं त्याच्याकडं पाठ केली.

माणिकरावानं काठी जमिनीवर आपटली.

"थांब, वैजीनाथ. बरोबरीत न्हाई सुटली."

वैजीनाथला वाटलं, पाटलाला जिंकायचं आहे. तो निकाल बदलायला तोंड उघडणार, तेवढ्यात माणिकराव पुढं बोलायला लागला. तो सगळ्यांना सांगत होता, पण बघत होता हातातल्या कपाकडं.

"झाली व्हती आमची कुस्ती. जत्रंच्या आदी आठ दिवस. नदीच्या वाळूत, दिवस उगवतानी. म्याच बोलावलं व्हतं ह्याला. म्हणलं, बगावं तरी किती दम हाय. बगणारं कुणीच नव्हतं. ह्यानं मला चित केलं. दोन्ही खांदे टेकले. छातीवर बसला आन् इचारलं, पाटील, उठू का."

चंद्रभान वाकून बापाच्या कानाशी म्हणाला की बाबा, ऊन लागलंय, घरी चला. माणिकरावानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

आता सगळे सितारामकडं बघायला लागले. त्रेचाळीस वर्षं या माणसानं ही गोष्ट पोटात ठेवली होती. सांगितली असती तर कुणी खरी मानली नसती, आणि मानली असती तर जास्तच मारला असता. सितारामनं उरलेला चहा संपवला, कप बाकावर ठेवला.

"दोन्ही न्हाई, पाटील," तो म्हणाला. "उजवा पुरा टेकला व्हता. डावा आर्धाच."

"पुरा टेकला व्हता."

"मी वर व्हतो. मला दिसलं."

"आन् मी खाली व्हतो. खांदा मपला का तुपला?"

आणि दोघं म्हातारे भांडायला लागले. हरलेला म्हणत होता मी पुरा हरलो, जिंकलेला म्हणत होता नाही, थोडं कमी हरलात. हॉटेलातले लोक आधी घाबरले, मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आबासाहेबानं उभं राहून खांदा कसा टेकतो ते दाखवलं. हसणं चालू असतानाच माणिकराव म्हणाला, "म्हणून तर पंचायला म्या सांगितलं, ह्याला मातीत उतरू देऊ नगा. जत्रंत समद्यांसमोर परत पडलो आस्तो."

सिताराम माणिकरावाकडं वळला. हसणं थांबलं.

"ते तुमी सांगितलं व्हतं?" त्यानं विचारलं.

माणिकरावानं मान डोलावली.

"मला वाटलं, पंचायनंच आडवलं," सिताराम म्हणाला. "तुमी वाळूत मपल्यासंग लढलाव, म्हणून मला वाटायचं, ह्यो तरी त्यातला न्हाई. हलगी बी म्या त्याच्यापायीच वाजिवली. चांगली वाजिवली."

तो उठला आणि गेला. त्यानं आवाज चढवला नाही, मागं वळून बघितलं नाही. माणिकराव तसाच बसून राहिला. शेवटी राधाकिशननं बाहेर जाऊन गाडीचा बिघाड दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं.

बोरखडीच्या पाटलांकडच्या माणसांनी नायकाच्या हॉटेलात जायचं सोडलं. ती समोरच्या हॉटेलात बसायला लागली. तिथला चहा इतका वाईट होता की दीड महिन्यात निम्मी परत आली. चंद्रभाननं गावभर सांगितलं की बाबांना भ्रम झालाय. जागा खाली करा असा निरोप त्यानं वैजीनाथला पाठवला, तेव्हा माणिकरावानं उलटा निरोप दिला की जागा अजून माझ्या नावावर आहे आणि माझा भ्रम बरा होईस्तोवर हॉटेल हलणार नाही. दर मंगळवारी तो यायचा, त्याच बाकावर बसायचा. दुसऱ्या बाकावर कुणी बसायला गेलं तर काठी आडवी धरायचा. वैजीनाथनं लढती बंद ठेवल्या होत्या. लोकांनी फार गळ घातली तरी तो म्हणायचा, आवाज गेला. तानुबाईनं त्याच्याशी पंधरा दिवसांनी बोलायला सुरुवात केली, तीही मीठ संपलंय हे सांगायला.

सिताराम दिवाळीनंतर आला. त्याचा मुलगा सूर्यभान नामांतराच्या सत्याग्रहात पकडला गेला होता, त्याला परभणीला भेटून तो एसटीनं परत येत होता. फाट्यावर उतरला आणि सरळ आत आला. माणिकराव काहीतरी म्हणायला लागला. ते माफीचं असावं, कारण त्याला ते जमत नव्हतं. सितारामनं हातानं त्याला थांबवलं.

"नायक," तो म्हणाला, "जत्रंतली लावा. पंचायनं आडवलंच न्हाई, आसं धरून लावा. आन् आता नीट लावा."

वैजीनाथनं लावली. या वेळी त्यानं कुणाचे जोडे बघितले नाहीत. सतरा मिनिटांत, घिस्सा डावावर, दोन्ही खांदे टेकवून त्यानं सितारामला जिंकवलं. माणिकरावानं मधे आक्षेप घेतला, की वाळूतल्या कुस्तीनंतर आठ दिवस हातात होते, तेवढ्यात आपण घिश्श्याची तोड शिकलो असतो. सितारामनं विचारलं, कुणाकडून. यावर तासभर गेला. पुढच्या मंगळवारी माणिकराव ती तोड ठरवून आला, आणि कुस्ती परत लावावी लागली.

असं आठ वर्षं चाललं. अली आणि लुई मागं पडले. लोकांना सन चाळीसची जत्राच पाहिजे असायची. कधी वाळू ओली धरून, कधी माणिकरावाचं वजन पाच शेर कमी धरून, कधी हलगी कोण वाजवतंय ते बदलून. माणिकराव एकूण तीनदा जिंकला. त्यातल्या एका निकालावर सितारामनं दोन आठवडे इथला चहा सोडला होता. ती मैत्री होती का, हे कुणी त्यांना विचारलं नाही. एकमेकांच्या घरी ते कधी गेले नाहीत. सिताराम एक्क्याण्णव साली वारला तेव्हा माणिकरावाला मांडीचं हाड मोडल्यानं उठता येत नव्हतं. तो खाटेवरून चंद्रभानला शिव्या देत राहिला, मला उचलून न्या म्हणून. चंद्रभाननं नेलं नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला वैजीनाथ तिळगूळ घेऊन वाड्यावर गेला. त्या दिवशी रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या होत्या, लांबून निळे झेंडे आणि घोषणा येत होत्या. माणिकरावाला एकही दात उरला नव्हता. त्यानं तिळगूळ गालात धरला आणि विचारलं की कसला गलका आहे. वैजीनाथनं सांगितलं की विद्यापीठाचं नाव झालं. बाबासाहेबांचं लावलं आणि मराठवाडाही ठेवलं.

"दोन्ही ठिवलं?"

"दोन्ही."

"म्हंजी तुझ्यासारखाच निकाल दिला म्हण की," माणिकराव म्हणाला आणि इतका हसला की तिळगूळ घशात गेला. पाठीवर थापा माराव्या लागल्या.

उन्हाळ्यात तो गेला. दिवस झाल्यावर चंद्रभान हॉटेलात आला. तो या हॉटेलात त्या कुस्तीनंतर पहिल्यांदाच येत होता, आणि जागा आता त्याच्या नावावर झाली होती. तानुबाईनं तर पातेली कुठल्या पोत्यात भरायची तेही ठरवून ठेवलं होतं. चंद्रभान बसला. चहा प्याला. खांद्यावर हात ठेवला नाही.

"नायक," तो म्हणाला, "खरं सांगा. बाबा खरंच हरले व्हते का? का त्या म्हाताऱ्याचं मन राखायला बोलले?"

वैजीनाथच्या तोंडावर उत्तर आलं होतं. वजन, दम, वाळू, सगळा हिशेब त्याला पाठ होता. पण चंद्रभानचे डोळे लाल होते आणि डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"मी तिथं नव्हतो, चंद्रभान," तो म्हणाला. "जे व्हते, त्या दोघांनी सांगितलं. त्यांचं भांडण बी खांद्याचंच व्हतं, हार-जितीचं न्हाई."

चंद्रभाननं मान डोलावली आणि आणखी एक चहा मागितला. तानुबाईनं बॉक्सिंगचे हातमोजे घातले आणि पातेलं उतरवलं.